सरहद्दीवरच्या अक्षता

सरहद्दीच्या ओढ्याअलीकडे निजामाचा मुलूख, पलीकडे इंग्रजांचा. पलीकडे लग्न लागत होतं आणि नवरीचा बाप अलीकडे उभा होता. त्याला मी त्या एकाच दिवशी पाहिलं. मूळचा नगरकडचा, आता आमच्या बीड जिल्ह्यात मास्तर. सलग ठरावीक वर्षं राहून निजामाचा ‘मुलकी’ रहिवासी ठरला तरच नोकरी टिकणार होती, आणि सरहद्द ओलांडली की इथं राहिल्याची सगळी वर्षं बाद.

“जावा की मामा, पोरीचं लगीन हाय!” मी चिडून म्हणालो.

“आन् मग खायचं काय, बाबा?”

त्यानं पलीकडे मूठभर अक्षता फेकल्या. नाकेदार धावला. “ओ मास्तर, तांदूळ परमुलखात चाललाय. जकात भरा!”

माझं रक्त उसळलं. मास्तर मात्र खुलला. “भरतो की. पन पावती द्या. आज मी हितंच होतो, याचा पुरावा झाला.”

पलीकडून मुलीनं वाकून नमस्कार केला, तेव्हा तो पावतीवरची शाई फुंकून वाळवत होता.