पाच मर्लो आणि कोरडी बादली

“आन् ही बादली कशाला?” आबांनी विचारलं.

“थुंकायला,” मी म्हणालो.

आबा म्हणजे आमच्या हॉटेलचे मालक. त्यांनी एकदा बादलीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. “पावण्यांनी तोंडात घेतल्यालं थुकायचं? माझ्या हाटेलात?”

मी समजावून सांगितलं. वाइन टेस्टिंगमध्ये घोट तोंडात फिरवायचा, चव घ्यायची आणि बादलीत टाकायचा. प्रत्येक घोट गिळला तर तिसऱ्या ग्लासापर्यंत जीभ आणि डोकं दोन्ही कामातून जातं. आबांनी शांतपणे ऐकून घेतलं. “ऱ्हाऊ दे तिकडं कोपऱ्यात,” ते म्हणाले. “पर कोण थुकणार न्हाय, सांगून ठेवतो.”

ही गोष्ट दोन हजार सालानंतर चार-पाच वर्षं उलटल्यावरची. मी गोव्यातली नोकरी सोडून कोल्हापूरला आलो होतो. पद एफ अँड बी मॅनेजरचं, म्हणजे हॉटेलातलं खाणं आणि पिणं दोन्ही माझ्याकडे. वरच्या मजल्यावर तीस माणसं बसतील असा एक हॉल रिकामा होता. तिथे तांबडा-पांढरा रस्सा आणि वाइन असं रेस्टॉरंट काढायचं माझं स्वप्न होतं. आबांना तिथे साधी परमिट रूम हवी होती. शेवटी त्यांनी मला तीन महिने दिले होते, आणि ते आता संपत आले होते. येत्या शनिवारी एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीचे, म्हणजे ओतकामाच्या कारखान्याचे, जर्मन पाहुणे जेवायला येणार होते. त्यांना आणि फाउंड्रीवाल्यांना बेत आवडला तर हॉल माझा. नाही तर परमिट रूम, आणि परमिट रूमला माझ्यासारखा मॅनेजर लागत नाही, हे आबांनी हसत हसत सांगून टाकलं होतं. इकडे माझ्या बायकोनं बँकेत तीन वर्षं अर्ज करकरून कोल्हापूरला बदली मिळवली होती. पुन्हा गोव्याला जाऊ या, हे तिला सांगायची माझी छाती नव्हती.

आबांची अट एकच. रेड वाइन एकच ठेवायची, परवडणारी ठेवायची, आणि ती मी नाही, कोल्हापूरच्या माणसांनी ठरवायची. “पिणार आमी, तर निवडणार बी आमीच की!”

मी मर्लो सुचवली. मर्लो हे द्राक्षाचं नाव. जगात जिथे द्राक्ष होतं तिथे बहुतेक ठिकाणी हेही लावतात. त्याची वाइन मऊ असते, पहिल्यांदा पिणाऱ्याला घाबरवत नाही. पण जमीन आणि ऊन बदललं की तेच द्राक्ष वेगळं बोलतं. पुण्याच्या डिस्ट्रिब्युटरकडून मी पाच ठिकाणच्या स्वस्तातल्या मर्लो मागवल्या, प्रत्येकी दोन बाटल्या. हलकीपासून जडपर्यंत असा क्रम लावला. एक नंबर इटली, दोन चिली, तीन फ्रान्सचा दक्षिण भाग, चार आपल्या नाशिककडची, पाच ऑस्ट्रेलिया. बाटल्यांना वर्तमानपत्र गुंडाळलं आणि वर मार्करने आकडे टाकले. याला ब्लाइंड टेस्टिंग म्हणतात. लेबल दिसत नाही, त्यामुळे जीभ खोटं बोलत नाही, असं पुस्तकात लिहिलेलं असतं.

माझ्या मनातली विजेती फ्रान्सची होती. ती मी डिस्ट्रिब्युटरशी भांडून मिळवली होती.

टेस्टिंग सकाळी अकराला ठेवलं, कारण सकाळी जीभ ताजी असते. सगळ्यांना फोन करून सांगितलं होतं, तिखट काही खाऊन येऊ नका. आठ पाहुणे आले. एक वकील, एक दातांचे डॉक्टर, फाउंड्रीवाले दोघे, बाकी आबांचे तालमीपासूनचे दोस्त. आठपैकी सात जण मिसळ खाऊन आले होते.

“अहो, सांगितलं होतं ना मी?” मी डॉक्टरांना म्हणालो.

“रिकाम्या पोटी प्यायची व्हय?” डॉक्टर म्हणाले. “मी सवताच पेशंटला नगं म्हणून सांगतो.”

मिसळ न खाता आलेला आठवा माणूस म्हणजे अप्पा. अप्पांची मार्केट यार्डात गुळाची पेढी. मूळचे निपाणीकडचे, घरी लिंगायत, आयुष्यात दारूच्या थेंबाला शिवलेले नाहीत. आबांचे जुने मित्र, म्हणून आबांनी बोलावलं आणि म्हणून ते आले. माझ्यापेक्षा तीस वर्षांनी मोठे, मला ‘तम्मा’ म्हणत, म्हणजे कानडीत धाकटा भाऊ.

“तम्मा, मी पिणार न्हाय हं,” ते म्हणाले. “नुसता वास घेतला तर चालंल का?”

मी मनात म्हटलं, झालं आमचं टेस्टिंग. तोंडाने म्हणालो, “चालेल की अप्पा.” त्यांच्यापुढेही पाच ग्लास आणि मार्कांचा कागद ठेवला. कागद शिल्लक होता म्हणून ठेवला, खरं सांगतो.

सर्व्हिसला शामराव होता. शामराव आमचा कॅप्टन, म्हणजे वेटरांचा मुख्य. त्याआधी वीस वर्षं त्याने लग्नांच्या पंगती वाढल्या होत्या. माणूस सोन्यासारखा. मी त्याला सांगितलं, प्रत्येक ग्लासात इतकंच ओतायचं, आणि बोटाने खूण दाखवली. त्याने तसंच ओतलं. पहिली फेरी अगदी गोव्यातल्यासारखी झाली. लोकांनी ग्लास फिरवले, नाकाशी धरले, गंभीर चेहरे केले. वकिलांनी एक नंबर प्यायली आणि म्हणाले, “पातळ हाय, पर कायद्यात बसतीया.” सगळे हसले. बादली कोपऱ्यात कोरडी ठणठणीत.

“सुहास, तू बी घे की!” आबा म्हणाले. मी म्हटलं, मी आयोजक आहे. आबा म्हणाले, “आयोजक म्हंजे काय उपाशी ऱ्हायाचं?” मग मीही बसलो. घोट तोंडात फिरवला आणि उठून बादलीकडे निघालो, तर सगळी माणसं माझ्याकडे बघत होती. मुकाट्याने गिळला. तिथून पुढे मला सगळंच आवडायला लागलं.

अर्ध्या तासात हॉलचा नूर पालटला. फाउंड्रीवाले एकमेकांना मिठ्या मारत होते. डॉक्टर सगळ्यांना आ करायला लावून कुणाचे दात जास्त जांभळे झाले ते तपासत होते. आबांनी तालमीतल्या एका कुस्तीची हकिगत तीनदा सांगितली आणि तिन्ही वेळा वेगळा पैलवान जिंकला. मला खूप छान वाटत होतं. कोल्हापूरने वाइन स्वीकारली, या विचाराने माझे डोळे भरून आले होते. चार नंबरच्या रकान्यात मी ‘अप्रतिम’ असं लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या. परीक्षा देऊन मिळवलेलं सर्टिफिकेट आहे माझ्याकडे वाइनचं.

फक्त अप्पा एकटे खाली मान घालून एकेक ग्लास नाकाशी नेत होते, ठेवत होते आणि कागदावर बारीक अक्षरात काहीतरी लिहीत होते.

साडेबाराला मी कागद गोळा केले. चार नंबर पहिला, तोही भरघोस मतांनी. मी वर्तमानपत्र फाडलं आणि जाहीर केलं, “चार नंबर, आपली नाशिककडची!”

काय गोंधळ झाला म्हणून सांगू! “आपलीच जिकली!” आबा उभे राहून ओरडले. वकिलांनी शिट्टी मारली. मला दोघांनी उचललं. डिस्ट्रिब्युटरला संध्याकाळी पाचपर्यंत फोनवर ऑर्डर द्यायची होती, नाही तर शनिवारपर्यंत माल येत नव्हता. आबा म्हणाले, “आत्ताच लाव फोन.” मी म्हटलं, जेवून लावतो. आज वाटतं, नशीब म्हणून तसं म्हणालो.

पाहुणे गेल्यावर मी डोक्यावर गार पाणी ओतलं आणि बाटल्या आवरायला घेतल्या. एकच्या दोन्ही रिकाम्या. तीनच्या दोन्ही रिकाम्या. दोनची एक संपलेली, एक अर्धी. पाचचीही तशीच. आणि जिंकलेल्या चार नंबरची दुसरी बाटली उघडलेलीच नव्हती. सगळ्यांना सगळ्यात जास्त आवडलेली वाइन सगळ्यात कमी प्यायली गेली होती. माझी उरलीसुरली खाडकन उतरली.

“शामराव!”

“जी साहेब.”

“चारची दुसरी बाटली भरलेली कशी? लोक तर चार नंबरच मागत होते.”

“व्हय की. चारचा ग्लास लई लवकर मोकळा व्हायचा. मी लगीच भरत हुतो.”

“कशातनं भरत होतास?”

शामराव गोंधळला. “हातात जी बाटली आसंल तिच्यातनं. सगळी लालच हाय की साहेब. पावण्यांच्या म्होरं रिकामा ग्लास ठेवायचा व्हय?”

मी खुर्चीत बसलो. म्हणजे चार नंबरच्या ग्लासात इटली होती, फ्रान्स होता, तळाला थोडी नाशिककडची होती. बाकीच्या ग्लासांचंही तेच. ज्या वाइनला मी ‘अप्रतिम’ लिहून दोन रेघा मारल्या, ती जगात कुठेच मिळत नव्हती. शामरावावर भडकावं असं वाटलं, पण कशावरून? ग्लास भरायचा नाही, हे मी त्याला सांगितलंच नव्हतं. गोव्यात ते कुणाला सांगावं लागत नाही, आणि पंगतीत वाढणाऱ्याला पान रिकामं दिसलं की राहवत नाही. चूक माझी होती.

पाचला ऑर्डर द्यायची होती आणि आबांचा नि माझा धरून नऊ कागद बाद होते. कागद पुन्हा चाळताना बारीक अक्षरातला दहावा हाताला लागला. मग डोक्यात प्रकाश पडला. अप्पांनी एक थेंब प्यायला नव्हता. त्यांचे ग्लास कमीच झाले नव्हते. म्हणून शामरावाने ते भरलेच नव्हते! अख्ख्या हॉलमध्ये खऱ्या पाच वाइन फक्त अप्पांच्या पुढे होत्या.

मी कागद वाचला आणि थक्क झालो. एक नंबर: पातळ, आंबूस, बरा. तीन नंबर: पावसात भिजलेल्या जमिनीचा वास, तोंड तुरट करणार. चार नंबर: सुताराच्या दुकानात गेल्यागत, लाकूड फार. पाच नंबर: ऊन जास्त लागलेलं, पाक करपायला आलाय. दोन नंबर: ढबू मिरचीचा वास, मागनं पिकलेलं जांभूळ, तिखटाच्या जेवणाला हाच घ्यावा. हे सगळं मला शिकायला दोन वर्षं लागली होती. स्वस्तातल्या वाइनला लाकडाचा वास लावतात हे खरं, गरम मुलखातली वाइन जॅमसारखी होते हेही खरं, आणि चिलीच्या मर्लोला ढबू मिरचीचा वास येतो हे तर आम्हाला परीक्षेत विचारतात.

मी अप्पांना फोन लावला. “अप्पा, हे कसं ओळखलंत?”

“त्यात काय ओळखायचं?” अप्पा म्हणाले. “चाळीस वर्सं सौद्यात रोज शेकड्यानं गुळाचं रवं बघतोय. ढेप फोडली की वासावरनं सांगतो, पाक करपलाय का, जमीन खारी हाय का. ह्ये बी रसाचंच हाय की तम्मा.”

आता आबांना सांगायचं होतं. दुपारची झोप काढून आबा आता कुठे घरी जेवायला बसायच्या बेतात होते. मी चारची न उघडलेली बाटली आणि दोनची अर्धी बाटली काखोटीला मारून थेट त्यांच्या घरी गेलो. सगळं खरं सांगितलं. ग्लासांची सरमिसळ, माझ्या दोन रेघा, सगळं.

आबांचा चेहरा पडला. “म्हंजे आपली जिकली न्हाय?”

“आपली कुणी प्यायलीच नाही, आबा.”

“मग आता प्यायची. आण हिकडं.”

मी चार नंबर उघडून ओतली. आबांनी तांबड्या रश्श्याचा भुरका मारला आणि वर घोट घेतला. दुसऱ्या क्षणी डोळे मोठे. “आयला, आग लागली! जीभ वाळली की रं!” वाइनमधल्या तुरटपणाला टॅनिन म्हणतात. ते आणि लाकूड, दोन्ही तिखटाला आणखी भडकवतात. चिकन टिक्क्याबरोबर हीच बाटली झकास लागली असती, पण आमचा सामना रश्श्याशी होता.

मग दोन नंबर दिली. पुन्हा भुरका, पुन्हा घोट. आबांनी तिसरा भुरका मारला, ग्लास संपवला.

“ही कुणी काढली?” आबांनी विचारलं.

“अप्पांनी.”

“अप्पानं? त्यो कवा प्याला?”

“नाही प्यायले. म्हणून तर जमलं.”

आबा असे हसले, असे हसले, की आतून वहिनी पळत आल्या. ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं, तरी थांबेनात. “आठ पट्टीचं पिणारं बशिवलं,” ते कसेबसे म्हणाले, “आन् बाजी मारली वास घेणाऱ्यानं! लाव फोन, चिली मागीव!” पाचला दहा मिनिटं कमी असताना मी ऑर्डर दिली.

शनिवारी जर्मन पाहुणे आले. मुख्य पाहुण्यांनी तांबड्या रश्श्याचा पहिला चमचा घेतला आणि लालबुंद झाले. फाउंड्रीवाले घाबरून पाणी मागवायला लागले. पाहुण्यांनी हाताने थांबवलं, ग्लास उचलला, सावकाश प्यायले, आणि रश्श्याची वाटी पुढे केली. त्या संध्याकाळी चार वाट्या झाल्या. निघताना त्यांनी विचारलं, हे जेवण आणि ही वाइन जुळवली कुणी? आबांनी क्षणाचाही विचार न करता माझ्याकडे बोट दाखवलं. मी खरं सांगणार होतो, पण अप्पांनी आधीच बजावलं होतं, “तम्मा, माझं नाव कुटं घेऊ नगंस. घरात कळलं तर भाकरी बंद हुईल.”

सोमवारी आबांनी कायम नेमणुकीचं पत्र हातात दिलं. मी ते घेऊन बायकोच्या बँकेत गेलो आणि काउंटरवरून, लोकांसमोर, तिच्यापुढे ठेवलं. ती इतकी मोठ्याने हसली की मॅनेजर केबिनबाहेर आले.

पुढे मी अशी पन्नासेक टेस्टिंग घेतली असतील. लोक विचारतात, वाइन ओळखायला काय लागतं? नाक लागतं, जीभ लागते, आणि ग्लासात नक्की काय आहे हे माहीत असावं लागतं. पहिल्या दोन गोष्टी बहुतेकांकडे असतात.