राहिलेली फेरी

आमच्या ह्यांना लाज इतकी, की कुणी सीटची शिवण उसवली म्हणून तक्रार घेऊन आलं तर हे आधी माफी मागतात आणि मग विचारतात, आमच्याकडेच शिवलं होतं ना? बरेचदा ते काम समोरच्या दुकानातलं निघतं. मी मशीनवर बसल्या बसल्या कपाळाला हात लावते. गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवायचं आमचं दुकान. कापणी ह्यांची, शिवण माझी, आणि गिऱ्हाइकाशी भांडायचं असेल तर तेही खातं माझंच. असा हा माणूस वर्षातून एकदा स्टुलावर उभा राहायचा, हातात झेंडा धरायचा आणि मित्रांकडून कागदाचे बोळे मारून घ्यायचा. लोक पोट धरून हसायचे. मला मात्र वाटायचं, जमीन फाटावी आणि हे स्टुलासकट आत जावेत.

त्यासाठी आधी वस्ताद सांगायला हवा. वस्ताद म्हणजे शर्यतीची गाडी चालवणारा. खरं नाव पेपरात छापून यायचं, लोकांच्या तोंडी वस्तादच. शहराबाहेरच्या ट्रॅकवर तो उतरला की दुकानं ओस पडायची. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. एवढा धूर काढून गोल गोल फिरायचं आणि परत जिथल्या तिथे यायचं, यात कसलं आलंय कौतुक? पण ह्यांना वेड. सुट्टीच्या दिवशी ट्रॅकवर फुकट राबायला जायचे. आधी तेल सांडलं की त्यावर माती टाकायची, मग वळणावर पिवळा झेंडा धरायचा, आणि असं करत करत थेट शेवटच्या रेषेवर बढती मिळाली. काळ्यापांढऱ्या चौकड्यांचा झेंडा ह्यांच्या हातात आला. तो झेंडा हलला की शर्यत संपली, मग त्या क्षणाला जो पुढे तो पहिला. वरच्या खोलीत वेळ मोजणारे साहेब बसायचे. त्यांनी खिडकीतून हात दाखवला की झेंडा हलवायचा, एवढंच काम.

वस्तादनं शर्यती सोडणार म्हणून जाहीर केलं आणि त्याच्या शेवटच्या शर्यतीचा झेंडा ह्यांच्या वाट्याला आला. त्या सकाळी ह्यांनी दाढी करताना दोनदा कापून घेतलं. दुपारी वस्ताद दुसरा होता, पहिल्याच्या अगदी पाठीला चिकटलेला, आता जातो की मग जातो. एक फेरी बाकी होती. आणि ह्यांनी झेंडा हलवला.

एक फेरी आधीच. नियम म्हणजे नियम. वस्ताद दुसरा ठरला, गाडीतून उतरला, हेल्मेट काखेत मारलं आणि निघून गेला तो पुन्हा ट्रॅकवर फिरकला नाही. झेंडेवाल्याचं नाव ट्रॅकवाल्यांनी बाहेर येऊ दिलं नाही, फक्त उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. डोळ्यांवर गॉगल, डोक्यावर टोपी, अंगात सगळ्यांसारखाच डगला, त्यामुळे ओळखलंही कुणी नाही. हे घरी आले ते भिंतीकडे तोंड करून पडले. मला एवढंच म्हणाले, "माझ्या हातून वस्तादचा शेवट नासला." कसं काय झालं असं विचारलं की म्हणायचे, चुकलं. त्यापुढे एक अक्षर नाही. मीही डोकं आपटणं सोडून दिलं.

पुढे शेजारचा गाळा एका मेकॅनिकनं घेतला. त्याला सगळे गिअर म्हणतात, कारण तो तोंडानं गाडी चालवतो. पहिला गिअर, दुसरा, वळणावरचा ब्रेक, टायरचं किंचाळणं, सगळं घशातून. वस्तादचा कट्टर भक्त. ह्यांची आणि त्याची अशी गट्टी जमली, की सकाळचा चहा त्याच्याशिवाय ह्यांच्या घशाखाली उतरेना. ह्यांना आयुष्यात दुसरा मित्र झाला नाही, तेव्हा मलाही बरंच वाटलं. गिअरच्या पाठोपाठ पोस्टमन आला, मग नर्सबाई आल्या. वस्तादनं शर्यत सोडली त्या तारखेला दर वर्षी आमच्या दुकानात बैठक बसायला लागली. आमच्याकडेच का, तर बसायला गाड्यांच्या सुट्या सीट हव्या तेवढ्या.

बैठकीचा क्रम ठरलेला. आधी चहा. मग ज्यानं त्यानं आपण त्या दिवशी कुठे होतो ते सांगायचं. नर्सबाई ड्यूटी बदलून आलेल्या, पोस्टमन झाडावर चढलेला. गिअर सगळ्यात शेवटी, कारण त्याचं सगळ्यात लांब. तो प्रेक्षकांच्या स्टँडात पहिल्या ओळीत होता. नुकता मिसरूड फुटलेला पोरगा, पहिल्यांदाच शर्यत बघत होता. गाड्या टायर तापवायला सावकाश निघाल्या तेव्हापासून यानं मोठ्यांदा मोजायला सुरुवात केली. एक! मग दोन! याचं ऐकून शेजारचे मोजायला लागले, मग अख्खा स्टँड, आणि शेवटी तर हजारो लोक एका सुरात. तो सूर लावला कुणी, तर ह्या पठ्ठ्यानं, असं म्हणून तो छातीवर थाप मारायचा. हे आम्ही इतक्यांदा ऐकलं होतं, की कुणी ऐकतच नव्हतं. तो स्वतःसुद्धा ऐकत नसावा.

त्यानंतर सोंग. गिअर तोंडानं शर्यत आणायचा, स्टुलावरचा झेंडेवाला भलत्या वेळी झेंडा हलवायचा, आणि मग सगळ्यांनी त्याच्या नावानं शंख करत चुरगळलेले कागद मारायचे. ते झालं की गिअर राहिलेली फेरी काढायचा. सगळी वळणं घेत, शेवटच्या वळणावर वस्तादला पुढे काढून रेषेपार न्यायचा, आणि नर्सबाई दर वर्षी डोळे पुसायच्या. पहिल्या वर्षी झेंडेवाला कोण होणार म्हणून सगळे एकमेकांकडे बघायला लागले, तर हे म्हणाले, मी होतो. माझ्या बोटात सुई गेली. पुढे ते ह्यांचंच काम झालं. उरलेल्या रेक्झिनच्या काळ्यापांढऱ्या तुकड्यांचा झेंडा ह्यांनी स्वतः शिवला. रेक्झिनचा असल्यामुळे तो फडफडत नाही, पाटीसारखा ताठ उभा राहतो, त्यावरही लोक हसायचे. हेही हसायचे.

मला काय वाटायचं सांगू? किळस. एवढा मोठा घोळ घालायचा, तो पोटात ठेवायचा, आणि वर मित्रांसमोर त्याचाच तमाशा करून टाळ्या घ्यायच्या? मला वाटायचं, हा माणूस भित्रा आहे, आणि भित्रेपणाचं सोंग काढून स्वतःलाच फसवतोय. बोळे मी झाडून काढायचे आणि दोन दिवस ह्यांच्याशी धड बोलायचे नाही.

गेल्या वर्षी गिअर नाचत आला. वस्ताद म्हातारपणी बहिणीकडे राहायला आला होता, बहिणीची गाडी गिअरकडे दुरुस्तीला, आणि गिअरनं गळ घालून त्याला बैठकीचं कबूल करून घेतलं होतं. ह्यांचा चेहरा पांढराफटक पडला. गिअर गेल्यावर मी कापणीच्या टेबलापाशी उभी राहिले आणि म्हणाले, आधी सांगून टाका, नाहीतर त्या देवमाणसासमोर तरी ते सोंग करू नका. हे कात्री फिरवत राहिले. मी म्हणाले, जनाची नाही तर मनाची तरी धरा. तेव्हा कात्री थांबली. "मी सांगितलं, तर हे सगळं मोडेल," हे म्हणाले. सगळं म्हणजे काय, तर चार माणसं आणि चहा. मला त्यांची कीव आली आणि रागही आला.

वस्ताद आला. काठी घेऊन, हळू, पाठीत वाकलेला. आम्ही त्याला सगळ्यात चांगल्या सीटवर बसवलं. बोलायला अगदी साधा. नर्सबाईंचं ऐकलं, पोस्टमनच्या झाडाला हसला. गिअरनं तर त्या दिवशी आपली गोष्ट अशी रंगवली, की मोजताना उभाच राहिला. वस्ताद ऐकताना मान तिरकी करून त्याच्याकडे बघत होता. मग गिअरनं शर्यत सुरू केली, आणि मी बघितलं, वस्तादचा डावा पाय आपोआप हलत होता. आवाजातला गिअर बदलला की क्लच दाबावा तसा पाय दाबला जायचा, पुन्हा सुटायचा.

हे स्टुलावर उभे. झेंडा हातात, हात वर. हलवायची वेळ आली आणि गेली. गिअरनं आवाज लांबवला, डोळ्यांनी खुणावलं, शेवटी म्हणाला, अरे हलव की! हे स्टुलावरून उतरले आणि वस्तादपुढे जाऊन उभे राहिले.

"साहेब, त्या दिवशीसुद्धा मीच होतो."

सगळे हसले. काय नवीन काढलंय, असं वाटलं त्यांना. पोस्टमननं तर बोळा मारला, तो ह्यांच्या कानाला लागून खाली पडला. ह्यांची मान खाली, आणि लोक हसताहेत. मला ते बघवेना.

"हसू नका," मी म्हणाले. "खरं आहे ते."

वस्तादनं ह्यांच्याकडे नीट बघितलं. मला आपलं वाटत होतं, मोठा माणूस आहे, म्हणेल जाऊ द्या, तसाही मी हरलोच असतो. तसं काही म्हणाला नाही.

"मी गेलो असतो पुढे," तो म्हणाला. "शेवटचं वळण माझंच होतं."

हे म्हणाले, हो. वस्तादनं विचारलं, वर खिडकीकडे बघितलं नव्हतं का? हे म्हणाले, नाही, चुकलं माझं. मग वस्ताद काठीवर हनुवटी टेकून बोलत राहिला, जसा काही स्वतःशीच. आमची माणसं ट्रॅकच्या कडेला फेऱ्यांची पाटी धरायची, तिच्यावर एक फेरी बाकी होती, म्हणाला. पण रेषेजवळ आलो तर झेंडा हलायच्या आधीच स्टँडातले लोक खाली जाळीपर्यंत उतरलेले, संपली संपली म्हणून ओरडताहेत. मला वाटलं, आमचीच पाटी चुकली. नवीन लोक टायर तापवायची फेरीही मोजतात. ती मोजायची नसते.

ह्यांनी घाईघाईनं मध्येच तोडलं. "लोकांचं काय घेऊन बसलात साहेब, झेंडा माझ्या हातात होता."

कुणी गिअरकडे बघितलं नाही, आणि तेच वाईट झालं. त्याच्या मुठीत कागदाचा बोळा तसाच होता. वस्ताद उठला, ह्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि काठी टेकत दाराकडे वळला. पोस्टमन त्याला सोडायला गेला. नर्सबाई त्यांच्या मागोमाग निघाल्या.

गिअर दारात थांबला. "तुला ठाऊक होतं?"

हे कपबशा गोळा करत होते.

"मी दर वर्षी छाती बडवून सांगत होतो, आणि तू ऐकत होतास? का नाही बोललास?"

"बोललो असतो, तर तू आला असतास का परत?"

गिअर निघून गेला. मी झाडू हातात घेतला तो तसाच राहिला. इतकी वर्षं ह्यांना भित्रा म्हणत होते मी मनातल्या मनात. हे बोळे खात होते ते कुणाच्या वाट्याचे, ते मला ह्यांनी कधी कळू दिलं नाही, आणि मीही नीट बघितलं नाही. त्या दिवशी मला ह्यांच्याकडे मान वर करून बघता येईना.

ह्यांचा हिशोब बरोबर निघाला. गिअर आला नाही. भिंतीपलीकडून पान्यांचा आवाज यायचा, पण चहाला तो नाही. हे चहा घेऊन गेले, तर गाडीखालून म्हणाला, ठेव तिथे. संध्याकाळी कप आमच्या पायरीवर. वर्षभर हे असं. रस्त्यात समोर आला तर दुसऱ्या बाजूनं जायचा, आणि हे मला म्हणायचे, तू म्हणत होतीस ना सांगा म्हणून. रागानं नाही म्हणायचे. तेच मला जास्त लागायचं.

परवा ती तारीख आली. नर्सबाई आल्या, पोस्टमन आला, चहा झाला. कुठे होतो ते सांगायला कुणी तोंड उघडेना. ह्यांनी सवयीनं स्टूल काढलं आणि नुसतेच शेजारी उभे राहिले. पोस्टमन जायच्या बेतात होता, तेवढ्यात दारातून बारीक घरघर ऐकू आली. गिअर उभा होता. आत आला नाही, चौकटीला धरून, डोळे जमिनीवर ठेवून गाडी चालवत होता. अगदी हळू. पहिला गिअर, फार तर दुसरा, डावी उजवी हलत. शर्यत त्यानं अशी कधी काढली नव्हती. मला आधी कळलंच नाही. ह्यांना कळलं, कारण ह्यांचा हात स्टुलावर घट्ट झाला.

पूर्ण फेरी मारून गाडी रेषेवर आली. गिअरनं आवाज बंद केला. कान लाल झाले होते त्याचे. सगळ्यांसमोर, प्रत्येकाला ऐकू जाईल असं तो बोलला.

"ही मोजायची नाही."

मग त्यानं तोंड पुसलं आणि खरी शर्यत सुरू केली. हे स्टुलावर चढले. झेंडा हातात धरून ते वर पत्र्याकडे बघत राहिले, आणि गिअर आतल्या सीटवर येऊन बसेपर्यंत ह्यांनी तो हलवला नाही.