बोटीच्या चाकातली रबडी

"मॅडम, लवकर या. चाकातून धूर निघून राहिला. तुमचं ग्रीस जळलं."

बिसेनभाऊंचा फोन होता. माझं ग्रीस त्यांनी आजवर कधी घेतलंच नव्हतं, पण अडचणीत माणूस कुणाचंही नाव घेतो. मी ग्रीस विकते, आणि कुठल्या यंत्राला कुठलं लागतं ते सांगते. माझी गिऱ्हाइकं बहुतेक गोंदियाच्या राईस मिलवाली. बिसेनभाऊंचा धंदा वेगळा. त्यांच्या दोन मोटरबोटी आहेत. हिवाळ्यात तलावावर पर्यटक फिरवतात, पावसाळ्यात पुराच्या कामाला देतात. बोट ट्रेलरवर चढवायची, जीपमागे ओढत न्यायची, ट्रेलर उलटा पाण्यात घालायचा, बोट तरंगली की रिकामा ट्रेलर वर काढायचा.

फुलचूरला त्यांच्या शेडमध्ये पोचले तेव्हा ट्रेलर जॅकवर चढला होता आणि ड्रायव्हर तेजराम मान खाली घालून उभा होता. एकाच मोसमात बेअरिंग पुन्हा पुन्हा जाम होत होतं.

"याले जीपची चाबी ठेवून घरी जाले सांगतलं मी," भाऊ म्हणाले. "ग्रीस टाकतच नाही हा."

"टाकतो जी. दर खेपेले टाकतो," तेजराम म्हणाला.

"मंग जाते कुठं? खाते का तू?"

निष्काळजी असा शिक्का एकदा बसला की गोंदियात त्या ड्रायव्हरला दुसरा कुणी स्टिअरिंगला हात लावू देत नाही. सगळे सगळ्यांना ओळखतात. तेजरामच्या पोटावर पाय येत होता, आणि मला त्याचं फार वाईट वाटलं.

हब उघडायला लावला. हब म्हणजे चाकाच्या मधला लोखंडी डबा. त्यात बेअरिंग असतात आणि मागून रबरी सील बसते. आत ग्रीस होतं, चांगलं भरपूर होतं. फक्त त्याची पांढरट रबडी झाली होती. वर चारोळी घालायची तेवढी बाकी होती.

"भाऊ, ग्रीस टाकलंय त्यानं. आत पाणी शिरलंय. तुम्ही कुठलं वापरता?"

भाऊंनी मोठ्या अभिमानाने डबा आणला. बोटावर ग्रीस घेऊन अंगठ्याने ताणून दाखवलं. "तार पाहा मॅडम. एकदम बढिया माल."

हा आपल्याकडचा जुना रोग. बुंदीचा पाक पाहावा तशी ग्रीसची तार पाहायची. ग्रीस म्हणजे साबणात मुरवलेलं तेल. साबण कुठला, त्यावर सगळा खेळ. लांब तार बहुधा सोडियमच्या साबणाच्या ग्रीसला सुटते. ते उष्णता सोसतं, पण पाणी लागलं की विरघळायला लागतं. लाल, निळा हा नुसता रंग, त्यावरून काही कळत नाही.

एवढं सगळं ऐकवलं असतं तर भाऊंनी मान डोलावली असती आणि पुन्हा तोच डबा आणला असता. म्हणून मी म्हटलं, "भाऊ, दोन्ही हात पुढे करा."

उजव्या तळव्यावर त्यांचं ग्रीस ठेवलं. डाव्यावर माझ्या बॅगेतलं, कॅल्शियम सल्फोनेट. उसना तांदळाच्या मिलमध्ये धान भिजवून वाफवतात, तिथल्या बेअरिंगांना मी हेच देते. तेजरामला पाणी घालायला सांगितलं. "आता मळा."

थोड्याच वेळात उजव्या हातातून दूध गळायला लागलं. डाव्यातलं ग्रीस होतं तसं चिकटून राहिलं. भाऊंनी उजवा हात पँटला पुसायला नेला आणि पँट नवी आहे हे आठवून हवेतच थांबवला. तेजराम भिंतीकडे तोंड करून खोकला.

"द्या तुमचं," भाऊ म्हणाले. "पण पाणी आत गेलंच कसं? सील नवी आहे. यानंच वाकडी बसवली असन."

सील सरळ होती, मी पाहिली होती. तरी प्रश्न बरोबर होता. चांगलं ग्रीस पाणी सोसतं, पण रोजच पाणी घरात येत असेल तर तेही किती दिवस सोसणार? तेजरामने हब डिझेलने धुतला, कारण दोन जातींची ग्रीसं एकत्र आली की पातळ होऊन वाहून जातात. नव्या बेअरिंगांमध्ये माझं ग्रीस तळव्याने दाबून भरलं. मग मी म्हटलं, "आता रोज नेता तसा ट्रेलर न्या. मी मागे बसते."

पुढच्या सीटवर भाऊंचे वडील, बाबूजी, बसले. उमेदीत त्यांनी बैलगाडीने धान वाहिलेलं. बोट निघाली की तेही निघतात, आणि त्यांना नको म्हणायची घरात कुणाची छाती नाही. उन्हातून तलावावर पोचलो. हबला हात लावला तर चटका बसला. तेजरामने जीप थांबवली.

"उभा काऊन रायला?" बाबूजी गरजले. "टाक आत. चाकं भिजू दे."

ट्रेलर सरळ पाण्यात गेला. बोट सुटली तरी तिथेच उभा राहिला. मी भाऊंकडे पाहिलं. भाऊ बगळे पाहत होते.

लाकडी चाक उन्हाने आकसतं आणि त्यावरची लोखंडी धाव सैल होते. म्हणून गाडीवान चाकं तलावात भिजवत. लाकूड फुगलं की धाव घट्ट. रीत शहाणपणाची, पण लाकडी चाकाची. तापलेला हब गार पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि सीलच्या कडेने पाणी आत ओढते.

"सांगितलं का नाहीस?" मी तेजरामला हळूच विचारलं.

"कसा सांगू जी? मालकाचे बाबूजी होत."

बाबूजींना थेट सांगायची हिंमत माझ्यातही नव्हती. टपरीवर चहा मागवला आणि म्हटलं, "बाबूजी, गंमत दाखवू?" काचेचा ग्लास उकळत्या पाण्याने तापवला, रिकामा केला आणि बशीतल्या गार पाण्यात उपडा ठेवला. पाणी ग्लासात वर चढू लागलं.

बाबूजी वाकून पाहू लागले. "ग्लास पाणी पिऊन रायला बे."

"तापलेला आहे ना. गार पाण्यात ठेवला की ओढून घेतो."

त्यांनी ग्लासाकडे पाहिलं. मग पाण्यात उभ्या ट्रेलरकडे पाहिलं. बाबूजी ओरडले, पण भाऊंवर.

"काऊन रे, गरम चाक पाण्यात टाकाले कोणं सांगतलं तुले? अन् नोकरी या पोट्ट्याची घेऊन राहिला?"

"चुकलं बाबूजी," भाऊ म्हणाले. मी चहाच्या कपात तोंड खुपसलं.

तेजरामची चाबी तेजरामकडेच राहिली. आता घाटावर बाबूजी हबला तळवा लावतात आणि तो गार झाल्याशिवाय ट्रेलर पुढे सरकू देत नाहीत. पर्यटक खोळंबले तर त्यांना बांधावर बसवून बैलगाडीच्या गोष्टी सांगतात. बेअरिंग नंतर जाम झालेलं नाही. भाऊ सगळीकडे माझ्या ग्रीसची तारीफ करतात. मी ती खोडून काढत नाही, मला ग्रीस विकायचं असतं.

नव्या सेल्समनना मी एवढंच सांगते. ग्रीस देण्याआधी दोन प्रश्न विचारा. चाक कुठे जातं, आणि कुणाच्या हुकमावरून जातं. दुसरा प्रश्न गिऱ्हाइकाच्या वडिलांसमोर विचारू नका.