पौषातली वरात

शालू, समोर असतीस तर आधी जवळ ओढून बसवलं असतं आणि मग कान धरला असता. काका तुझा, आणि तो कसा होता हे विचारतेस मला. "मावशी, विलासकाकाविषयी लिहून पाठव ना." का गं, पुणं काय समुद्रापलीकडं आहे? बरं, लिहिते. पण बोलते तशीच लिहिणार. माझी शाळा अर्ध्यात सुटली, दुकानांच्या पाट्या वाचून अक्षरं पक्की केली मी. चुका काढत बसू नकोस.

काका लग्नाची शूटिंग घ्यायचा, एवढं तुला ठाऊक असेल. नवीन जालन्यात आमच्या घराची रस्त्याकडची खोली त्यानं भाड्यानं घेतली आणि पहिल्याच दिवशी मला त्याचा संशय आला. सामान लावायच्या आधी गड्यानं खिडकीला काळा कागद चिकटवला. मी विचारलं, "उजेडाशी काय वैर आहे बाबा तुझं?" तर म्हणाला, "मावशी, आत मिक्सिंग चालतं. उजेडात रंग बराबर दिसत न्हाईत." मला काही ते पटलं नाही. चहाचं निमित्त करून मी अधूनमधून आत डोकावून यायची. तर खरंच टीव्हीवर कुणाची तरी हळद चाललेली, आणि हा नवरा-नवरीला बदामात बसवून राह्यलेला.

बाकीचे शूटिंगवाले स्टेज सोडत नसत. हा सारखा मागं. आचारी, वाढपी, खांबाआड उभ्या राहिलेल्या बाया, सगळ्यांच्या समोर जाऊन विचारायचा, "घेऊ का?" माझ्या लेकीच्या, सुमनच्या लग्नात माझी थोरली जाऊ, भाऊजी गेल्यापासून चारचौघांत न येणारी, मांडवाच्या कडेला उभी होती. ती नको म्हणाली. पण कॅमेरा फिरताना चुकून तिच्यावरून गेलाच. कॅसेट आली तेव्हा बघते तर तिच्या तोंडावर नेमका एक गुलाब उमललेला. त्या वेळी लग्नाच्या कॅसेटमध्ये असे गुलाब फार उमलायचे, त्यातून नवरा-नवरी बाहेर यायचे. यानं तो झाकायला वापरला. मी म्हटलं, "एवढा खटाटोप कशाला? म्हातारीला कोण बघतंय?" तर म्हणाला, "त्या न्हाई म्हणल्या ना मावशी? मंग न्हाई म्हणजे न्हाई." आणि लाजून खाली बघणाऱ्या नवरीला त्याचं ठरलेलं वाक्य असायचं, "मान वर करा ताई, लग्न तुमचंच हाय."

आता संशयाची खरी गोष्ट सांगते. दर वर्षी पौषात हा नवा शर्ट इस्त्री करायचा, कॅमेरा पिशवीत घालायचा आणि मुंबईची गाडी धरायचा. कुठं? तर लग्नाला. पौषात मुहूर्त नसतो हे शेंबड्या पोरालाही कळतं, आणि हा तर लग्नांवरच पोट भरणारा. मी दारातच अडवलं. "पौषात कुणाचं लग्न रे?"

"मुंबईच्या लोकांचं काय सांगावं, मावशी."

"एखादी बाई ठेवली असशील तर सरळ सांग. मी कुणाला बोलणार नाही."

तो हसला. "तुम्ही बोलणार न्हाई? मंग अख्खं जालना मुकं झालं म्हणा की."

परत आला की आठवडाभर शीळ घालत काम करायचा, मग एकाएकी गप्प व्हायचा. वडीगोद्रीच्या एका चांगल्या घरची मुलगी मी सुचवली, तर म्हणाला, "माझा जीव दुसऱ्याच्याच लग्नात रमतो." तुझ्या वडिलांनी या विषयावरूनच त्याच्याशी बोलणं सोडलं, हे तुला घरात कुणी सांगितलं नसेल.

तो काविळीनं गेला. तुझे वडील आले, कॅमेरा आणि पलंग घेऊन गेले. कॅसेटची गोणी राहिली. त्यात सुमनचं लग्न असेल म्हणून मी सगळ्या कॅसेटी दुकानातून पेनड्राइव्हवर करून आणल्या आणि टीव्ही लावून बसले. एका कॅसेटमध्ये सनई सुरू झाली, सोनेरी अक्षरांत 'शुभमंगल' आलं, फुलं पडली, वरात निघाली. ढोल, नाचणारी माणसं, कुणी मुखवटे घातलेली, रंगीत पट्ट्यांचे झेंडे. मी म्हटलं, नवरी कुठं आहे? वरात संपत आली तरी नवरी येईना. मग एका पाटीवर वाचलं, 'आम्हीही तुमचीच लेकरं'. पोरांनी पोरांचे हात धरलेले, पोरींनी पोरींचे. आणि मधूनच कुणाच्या तरी तोंडावर गुलाब. लग्नाशिवाय दुसरं मिक्सिंग त्याला येत नव्हतं गं. मुंबईतल्या त्या मोर्च्याचंही त्यानं लग्नच केलं.

दुसऱ्या कॅसेटमध्ये तीच वरात होती, पण गुलाब न लावलेली. सगळी तोंडं उघडी. ती मी पेनड्राइव्हसकट कपाटात कुलपात ठेवली.

मागच्या महिन्यात एक गृहस्थ आला. केस पिकलेले, हातात सफरचंदांची पिशवी. ओळख नसताना फळं आणणारा माणूस मला आवडत नाही. नाव सुधीर, विलासचा मित्र म्हणाला. त्यांच्यातली काही मंडळी सुरुवातीच्या मोर्च्यांची जुनी शूटिंग गोळा करतायत, हॉलमध्ये दाखवणार आहेत. "मावशी, फुलांशिवायची कॅसेट आहे का?"

याला फुलं कशी माहीत? मी पिशवी दाराजवळच ठेवायला लावली. म्हटलं, "ज्यांनी तोंडं लपवली, त्यांचं काय?"

"आता कायदा बदलला, मावशी. आता तेवढी भीती नाही."

"कायदा दिल्लीत बदलला. आमच्या राजूरसारख्या गावातल्या सासवांना कुणी कळवलंय का?"

मग म्हणाला, "बाकीच्यांचं राहू द्या. त्यातला एक गुलाब माझा आहे. तेवढा दाखवा."

"असं तर कुणीही म्हणेल."

"माझ्या कपाळाला मुंडावळ्या होत्या. विलासनं इथूनच आणल्या होत्या, तुमच्या स्टेशनजवळच्या दुकानातून. नंतर मीच घाबरलो आणि माझं तोंड झाक म्हणालो."

शालू, गुलाब असा मोठा की मुंडावळ्या त्याच्याखाली पार झाकलेल्या. त्या मला दिसल्या होत्या फक्त कुलपातल्या कॅसेटमध्ये. मी त्याला बसवलं, तेवढाच तुकडा लावला. पडद्यावर एक तरुण पोरगा, मुंडावळ्या बांधलेला, लाजून खाली बघणारा. आणि कॅमेऱ्यामागून आपल्या विलासचा आवाज, "मान वर कर, लग्न आपलंच हाय."

त्यानं परत लावायला सांगितलं. मी लावलं. तोंडावर रुमाल धरून त्यानं ते पाहिलं आणि मग विचारलं, "विलासचं असं कुणी आहे का, ज्याच्याशी मला त्याच्याविषयी बोलता येईल? इतकी वर्षं मी कुणाजवळ त्याचं नावही काढलं नाही." मी म्हटलं, एक पुतणी आहे, पण ती पुण्यात असते आणि फोनवरच भेटते.

त्याचा तेवढा तुकडा मी त्याला टीव्हीवरून फोनमध्ये घेऊ दिला. कॅसेट दिली नाही. बाकीच्यांना विचारल्याशिवाय मी ती देणार नाही, आणि त्यांना शोधणं माझ्या गुडघ्यांना जमणार नाही. खरं सांगू, तो माणूस मला अजूनही पुरता पटलेला नाही. चहा अर्धा ठेवून गेला. पण त्याला परत बोलवायचं कबूल करून बसले आहे. तेव्हा तू ये. समोर बस, त्याचं ऐक, त्याला काय विचारायचं ते विचार, आणि मग मला सांग माणूस कसा आहे ते. तू दिवस कळवलास की मी त्याला फोन करते. जल्दी कळव, पोरी, तो वाट बघतोय.