चौगुले सर आणि मगदूमांचे चार खांब

चौगुले सरांच्या पंच्याहत्तरीच्या ग्रंथासाठी लिहायला बसले खरी, पण सरांविषयी बसून लिहिणं मला जमेना. सरांना निवांत बसलेलं मी कधी पाहिलेलंच नाही.

पहिली ओळख झाली ती बोलणी खाऊन. शाळेत विज्ञान शिकवायला मी नुकतीच रुजू झाले होते. सर चित्रकला शिकवत. दर रविवारी सकाळी ते जुन्या कोल्हापुरातून पायी फेरी काढत, आजही काढतात. पेठांमधल्या तालमी, देवळं, जुनी घरं दाखवत शेवटी मगदूमांच्या घरापाशी येतात. दर्शनी बाजूला चार उंच गोल खांब, त्यांवर मोठा त्रिकोण, सगळा थाट विलायती. पेठेत त्याला ‘कोर्ट’च म्हणतात. त्या दिवशी मी हौसेनं कॅमेरा वर केला, तोच सर कडाडले, “ओ बाई, थांबा की! घरच्यांस्नी विचारलासा काय?”

ही सरांची रीत. घरातलं कुणी बाहेर येऊन ‘या’ म्हणेपर्यंत सर त्या घराविषयी अवाक्षर काढत नाहीत. माणसं उन्हात चुळबुळत उभी, सर स्वतः फाटकासमोर येरझाऱ्या घालताहेत, पण आत पाऊल नाही. “खांब बघाय आलाय, पण आत कुकर लागलाय, ह्ये इसरू नका,” असं सगळ्यांना बजावतात. मगदूमांच्या आई अंथरुणाला खिळल्या त्या वर्षी फेरी त्या गल्लीत वळलीच नाही. पुण्याहून खास घर पाहायला आलेल्या मंडळींनी कुरकुर केली, तेव्हा सरांनी त्यांना मिसळ खाऊ घालून वाटेला लावलं.

माझे वडील इस्पितळात होते तेव्हा सर रोज पिठलं-भाकरीचा डबा घेऊन येत आणि तो संपेपर्यंत वॉर्डात फेऱ्या मारत. नर्स वैतागायच्या. बाबा मात्र सर येईपर्यंत जेवायचे नाहीत. हे उपकार मी विसरणार नाही.

सरांच्या कार्याचा आढावा क्रमवार घ्यावा, अशी संपादकांची सूचना आहे. ते माझ्या हातून होणार नाही. माझा जीव सध्या मगदूमांच्या घरात अडकला आहे.

त्या घराचे आजचे मालक सतीश मगदूम हे सरांचेच विद्यार्थी. दर्शनी भाग पाडून तिथं दुकानगाळे काढायचं त्यांनी ठरवलं. माणूस वाईट नाही, छप्पर गळून गळून बेजार झालेला. आम्ही फेरीतली मंडळी वारशाबद्दलची भाषणं तयार करून सरांसोबत गेलो. सतीशनी आम्हाला तोंडच उघडू दिलं नाही. “सर, दर रविवारी लोकं दारात येऊन वा वा करत्यात. पावसात बादल्या कोण लावतंय? मीच की!”

सरांनी वर पाहिलं आणि एवढंच विचारलं, “शिडी हाय काय?”

चुन्याचं काम जाणणारा एक गवंडी त्यांनी आजरा भागातून शोधून आणला. खांब दगडी वाटले तरी आतून विटांचे आहेत, वर चुन्याचा गिलावा. सिमेंट थापलं की ओल आत कोंडते, हे सर आम्हाला वर्षानुवर्षं सांगत आले होते. आम्ही माना डोलवत आलो होतो. या वयात सर स्वतः चुना मळून गवंड्याच्या मागोमाग छपरावर चढले. नंतरच्या पावसाळ्यात बादली लावावी लागली नाही. सतीश म्हणाले, “सर, तुमी हाईसा तवर खांबाला हात लावत न्हाय. म्होरचं म्होरं बघू.”

आम्ही टाळ्या वाजवल्या. सरांचा चेहरा मात्र उतरला. “म्हंजे मी गेलो की दुसऱ्या दिवशी पहार?” असं ते वाटेत दोनदा म्हणाले.

तेव्हापासून आम्हाला चैन नाही. रक्तदाबाच्या गोळ्या घेतल्या का, म्हणून रोज कुणीतरी फोन करतं. सर हेल्मेट न घालता स्कूटर पिटाळतात, वर तांबड्या रश्श्याची वाटी पुन्हा पुढं करतात. मला त्यांचा राग येतो, हे या गौरवग्रंथात लिहिणं शोभत नसलं तरी लिहिते.

गेल्या रविवारी फेरी संपल्यावर सर सतीशना म्हणाले, “त्या शब्दातनं माझं नाव काढ. ह्या समद्यांची नावं घाल.” सतीशनी आम्हा सगळ्यांकडे एकवार पाहिलं. शिडी भिंतीला लावलेलीच होती, छपराच्या कडेला नवी चीर दिसत होती. “घालतो की. ह्यातलं वर कोण चढतंय?”

जो तो आपापल्या चपलांकडे बघू लागला. मीही. सर आमच्या तोंडाकडे बघत राहिले, आणि त्यांना स्वस्थ उभं राहिलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. ते मला बघवलं नाही.

सर, आई अंबाबाई आपल्याला उदंड आणि निरोगी आयुष्य देवो. ही मागणी रीत म्हणून केलेली नाही. आम्हाला अजून काहीच येत नाही. येत्या रविवारी मी शिडी चढणार आहे. मला उंचीची भीती वाटते. खाली उभं राहून माझ्यावर ओरडायला आपण हवेत.