इंजिनाचं नाक आणि न फुटलेला नारळ

"नारळ इंजिनाच्या नाकावर नको, खाली रुळावर फोडा," हे मी सकाळपासून सांगत होतो. आमचे एमडी "हो, हो" म्हणत आणि पुन्हा हार-तुऱ्यांच्या मागे लागत.

नव्वदच्या दशकाची सुरुवातीची वर्षं. पनवेलच्या आमच्या कारखान्यात एका बंदर कंपनीच्या स्टाफ गाडीसाठी इंजिन तयार झालं होतं. डिझाइन माझं. त्यांचे रूळ द्रोणागिरीकडे, खाडीतल्या भरावावर. जमीन मऊ, खचणारी. म्हणून ॲक्सल लोड, म्हणजे चाकांच्या एका जोडीचं रुळावर येणारं वजन, कमी ठेवण्याची सक्त अट. शिवाय त्यांच्या चेअरमनना परदेशी गाडीसारखं निमुळतं नाक हवं होतं. मी ते फायबरचं केलं. टक्कर सोसायला आत पोलादी सांगाडा होता. नाक फक्त वारा कापण्यापुरतं. इंजिन पास झालं की आणखी ऑर्डर येणार होती, आणि फायबरचं काम करणारी बेलपाड्याची माणसं कायम होणार होती. धर्मा त्यांचा मुकादम.

पूजेला आलेल्या चेअरमननी नाकाला कुंकू लावलं आणि तिथेच नारळ उगारला.

"सायब, तिथं नको! पोकल हाय ते!" धर्मा ओरडला.

कडकन आवाज झाला. नारळ शाबूत, नाकाला वीतभर तडा. कुणीतरी फिदीफिदी हसलं.

"नारळ सोसवत नाही, उद्या म्हैस आडवी आली तर?" चेअरमन म्हणाले.

"सर, सांगाड्याला काही झालेलं नाही. तडा सहज भरता येतो."

"सांगाडा लोकांना दिसतो का?" एमडी माझ्यावरच खेकसले. "आतून जाड लोखंडी प्लेट मार."

"वजन वाढेल. वजनकाट्यावर नापास होऊ."

"आधी हा अपशकुन निस्तर!"

प्लेट बसवताना धर्मा एवढंच म्हणाला, "मंग आमी येवढं हलकं केलं कशाला, सायब?"  मला राग आला होता, तो अजून आहे.

पुढे इंजिन काट्यावर चढलं. ॲक्सल लोड मर्यादेबाहेर. त्याच चेअरमनच्या सहीचं पत्र आलं : इंजिन जड असल्याने नापसंत. ऑर्डर गेली. फायबरचा विभाग बंद झाला, धर्मा आणि त्याची माणसं घरी बसली. एमडी सगळ्यांना सांगत सुटले की डिझाइनच फसलं.

इंजिनाची पहिली टेस्ट रुळावर होते, असं मी कॉलेजात शिकलो होतो. आमच्याकडे ती पूजेत होते. तिथे नापास झालं की कुणी नारळ उगारणाऱ्याला जाब विचारत नाही.