पैऱ्याचे बैल

अकरावीला साताऱ्याला आले आणि पहिल्याच चाचणीत रसायनशास्त्रात आपटले. दहावीपर्यंत सगळं मराठीतून शिकलेली मी. इथे सर इंग्रजीतून भराभर बोलत, फळ्यावर गोल काढत, गोलांवर ठिपके देत आणि लगेच पुसत. पुसायची एवढी घाई कसली असायची, देव जाणे. नापासांची सोमवारी तोंडी परीक्षा, असं त्यांनी जाहीर केलं. तीही ज्यांना जमणार नाही, त्यांच्या पालकांना बोलावून शाखा बदलायची.

माझे वडील मुंबईत माथाडी कामगार. फोनवर रागावले असते तर बरं झालं असतं. ते समजुतीने म्हणाले, "न्हाई जमत तर आर्टस् घे. त्यात काय एवढं?" ते मला फार लागलं. माणदेशातल्या आमच्या वाडीतून सायन्सला गेलेली मी पहिलीच मुलगी. कोणत्या तोंडाने परत जाणार होते?

होस्टेलवर माझ्या खोलीत पाटणकडची एक मैत्रीण होती. तीही मराठी माध्यमातलीच, पण चाचणीत पास झालेली. रविवारी गच्चीवर कपडे वाळत घालता घालता तिने मला रासायनिक बंध शिकवायला घेतले. सोडियम आपला इलेक्ट्रॉन क्लोरीनला देऊन टाकतो, हे कळलं. देणं-घेणं कुणालाही कळतं. घोडं अडलं ते हायड्रोजनपाशी. दोन अणूंकडे एकेकच इलेक्ट्रॉन आणि दोघांनाही हवेत दोन-दोन, मग भागतं कसं? मी तेच तेच विचारत राहिले तेव्हा ती वैतागली. तिच्या गावाकडे डोंगरउतारावर ट्रॅक्टर चढत नाही. तिथे एकेकच बैल असलेले दोन शेतकरी पैरा करतात, म्हणजे बैल एकत्र जुंपून आळीपाळीने एकमेकांची रानं नांगरून घेतात.

"तुझा एक बैल, माझा एक बैल," ती म्हणाली. "जोडी दोघींची. झाला बंध."

डोक्यात लख्ख उजेड पडला. तरी मी तिच्याकडून ते पुन्हा दोनदा वदवून घेतलं, कारण मला एवढं सोपं काही कळलं की माझाच त्यावर विश्वास बसत नाही.

सोमवारी सरांनी सगळ्या वर्गासमोर मला उभं केलं आणि नेमका हायड्रोजनच विचारला. जोडीपर्यंत सगळं नीट सांगितलं. मग ते दोन इलेक्ट्रॉन असतात कुणाकडे, असं त्यांनी विचारलं. मी ठामपणे म्हणाले, "आज याच्याकडं, उद्या त्याच्याकडं."

वर्ग फिदीफिदी हसला. मला कळेना काय चुकलं. पैऱ्यात तसंच तर असतं. तेवढ्यात मैत्रीण आपणहून उभी राहिली. बैलांचं उदाहरण तिनेच दिलं होतं, बैल पाळीने जातात, इलेक्ट्रॉन तसे जात नाहीत, हे तिच्या ध्यानातच आलं नाही, चूक तिची आहे, असं तिने सांगून टाकलं. मला तिची दया आली आणि स्वतःची लाज वाटली.

सर हसले नाहीत. "बरं," ते माझ्याकडे बघून म्हणाले, "जोडी एकच आणि दोन्ही रानं एकाच वेळी नांगरायची. कसं करशील?"

एसटीतून उतरून कॉलेजचं ऑफिस विचारत फिरणारी आई डोळ्यांसमोर दिसायला लागली. मग कुठून आलं कोण जाणे, तोंडातून शब्द निघून गेले.

"मधला बांध काढायचा, सर. मग रान एकच."

त्यांनी मला खाली बसायला सांगितलं आणि पुढच्या मुलीला उठवलं. तास संपेपर्यंत माझा जीव टांगणीला लागला होता. जाताना सर एवढंच म्हणाले, पालकांना आणायची गरज नाही.

संध्याकाळी वडिलांना फोन केला. मग आता सायन्सच ना, असं त्यांनी विचारलं. "व्हय," मी म्हणाले, आणि मला रडू फुटलं. काय उत्तर दिलंस म्हणून त्यांनी विचारलं, तेही सांगितलं. आमच्या घरात आणि चुलत्यांच्या घरात बांधावरूनच कित्येक वर्षं बोलणं बंद आहे, हे तोवर माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

"बराबर सांगितलंस," ते म्हणाले. "पण गावाकडं आलीस की हे कुणाम्होरं बोलू नगंस."

आर्टस्‌चं नाव मात्र त्यांनी पुन्हा कधी काढलं नाही.